विसावा, जाड आणि तिरका

पाटी दारापेक्षा लांब आहे, हे पाटीवाल्याच्या लक्षात आलं ते भिंतीला ड्रिल टेकवल्यावर.

"साहेब, अक्षरं जरा दाबून आणू का?" त्याने विचारलं. "वीतभर कमी केली की मस्त बसेल."

"दाबून?" इटालिकरावांचा चेहरा इतका पडला की पाटीवाल्याला वाटलं, आपण चुकून ह्यांच्या पोराबाळांबद्दल काहीतरी बोललो. "एक रेघ कमी करायची नाही. आहे तशीच लागेल."

"मग हा घरनंबर पाटीखाली जाईल बघा."

"जाऊ दे."

"काय जाऊ दे?" आतून बायकोने विचारलं.

"काही नाही गं," इटालिकराव म्हणाले, आणि नंबर गेला. नवं घर घेऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. नंबर त्यांना अजून पाठही नव्हता. पत्ते, चाव्या आणि नातेवाइकांचे वाढदिवस हे खातं पहिल्यापासून बायकोकडे होतं.

इटालिकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. औषधाच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद असतो, जो आपण उलगडून, पुन्हा घडी घालता न आल्यामुळे फेकून देतो, त्या कागदाची ते मांडणी करायचे. बारीक, उभी, अशक्त अक्षरं. कोणी न वाचण्यासाठीच केलेली. मधूनच एखाद्या ओळीला हे गृहस्थ हळूच जाड आणि तिरकं अक्षर घालायचे आणि साहेब ते मुकाट्याने पुन्हा उभं करायचे. शेवटी ऑफिसनेच त्यांचं नामकरण करून टाकलं.

तो राग त्यांनी घरी काढला. रोज संध्याकाळी जेवण झालं की टेबलाशी बसून, वर्षानुवर्षं, त्यांनी स्वतःचं एक अक्षर घडवलं. जाड, उजवीकडे झुकलेलं, टोकांना ना शेपटी ना फुलोरा. बघितलं की वाटावं, ह्याची बस सुटतेय. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याचे नमुने एका संस्थेकडे पाठवले. नवीन अक्षरं निवडायची आणि फॉन्ट म्हणून बाजारात आणायची, हा त्या संस्थेचा उद्योग. तिथल्या संचालिकाबाईंचा स्वतः फोन आला होता. "ह्या महिन्यात मी तुमच्या बाजूने जाणार आहे. दिवस नक्की नाही, पण प्रत्यक्ष येऊनच बोलते." पत्ता विचारल्यावर इटालिकरावांनी नेहमीप्रमाणे फोन बायकोच्या हातात दिला होता.

तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. आयुष्यात केलेलं एकच काम त्यांना स्वतःचं वाटत होतं, आणि त्याचा निकाल ही बाई लावणार होती. म्हणून तर पाटीची घाई. बाईंना ते अक्षर नोकरीला लागलेलं दिसलं पाहिजे.

पाटीवर काय लिहायचं ते मात्र बायकोने ठरवलं होतं. तिची सगळी हयात रुग्णालयात परिचारिका म्हणून गेलेली. रात्रपाळ्या, घंटा, धावपळ. आता तिला एकच गोष्ट हवी होती आणि तेच घराचं नाव तिने ठेवलं: विसावा.

पाटी लागल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"कशी आहे?" इटालिकरावांना राहवेना.

"अहो, हा विसावा आहे की विसाव्याच्या मागे कुत्रं लागलंय?"

"अगं, त्यात गती आहे."

"तेच म्हणतेय मी. गती कशाला? आपण इथे बसायला आलोय ना?"

"तुला अक्षरातलं कळत नाही," इटालिकराव म्हणाले. हे वाक्य बोलल्याबद्दल पुढे त्यांनी स्वतःला अनेकदा शिव्या दिल्या.

घर पहिल्या मजल्यावर, जिना थेट रस्त्यावरून वर येणारा, आणि दार रस्त्यावरून लख्ख दिसणारं. दुसऱ्याच दिवशी एक घामाघूम तरुण वर आला आणि त्याने विचारलं, "व्यायामशाळेची फी किती?" त्याला कटवतात तोवर एक बाई आल्या. "सेल कधीपर्यंत आहे?" संध्याकाळी एकजण पंक्चर झालेलं चाक घेऊन आला आणि काही न विचारता ते दारात टेकवून, "तासाभराने येतो" म्हणून निघूनही गेला.

"बघा, बघा तुमची गती," बायको म्हणाली. पण इटालिकराव मनातून हरखले होते. औषधाचा कागद वाचून आजवर कोणी जिना चढून आलं नव्हतं.

मग एक आजी आल्या. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. हातात दोरीने बांधलेलं पुडकं.

"हे माझ्या बहिणीला द्यायचंय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "स्वेटर आहे. नदीपलीकडे राहते. लवकर पोचेल ना?"

"आजी, हे घर आहे हो. इथे पार्सल नाही घेत."

"असं कसं? लवकर पोचेल, असं पाटीच सांगतेय की."

आता ह्यावर माणूस काय बोलणार? दुसरा कोणी असता तर त्याने आजींना पाणी दिलं असतं, पोस्टाचा रस्ता दाखवला असता आणि पाटी उतरवली असती. पण अक्षर काढणाऱ्याला उभ्या आयुष्यात मिळालेली ही पहिली दाद होती. ह्या बाईंना अक्षर नुसतं वाचता आलं नव्हतं, त्यांचा त्या अक्षरावर विश्वास बसला होता. आता पुडकं परत केलं तर इटालिकराव नाही, अक्षर खोटं पडणार होतं.

"पोचेल," ते म्हणाले, आणि सायकल काढली.

स्वेटर तासाभरात पोचला. आजींची बहीण इतकी खूश झाली की तिने तिकडून एक लोणच्याची बरणी पाठवली. ती घेऊन इटालिकराव परत आले. आजींनी पैसे काढले, तर ह्यांनी हात मागे घेतला. अक्षराच्या अब्रूचे पैसे कसे घ्यायचे? झालं. तिथेच सगळं बिघडलं. तासाभरात पोचतं आणि पैसे घेत नाहीत, ही बातमी काय लपून राहणार आहे? दोन दिवसांत जिन्यावर माणसं दिसायला लागली.

"नाही म्हणा ना त्यांना!" बायको कुजबुजायची.

"कसं म्हणू? वर पाटी आहे."

"मग पाटी काढा!"

"बाई येणार आहेत."

ह्या दोन उत्तरांच्या मधे तिचं सगळं विसाव्याचं स्वप्न चेंगरलं. तिने चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी जिन्यात दोन माणसं रांगेवरून हमरीतुमरीवर आली, तेव्हा मात्र तिच्यातली जुनी परिचारिका जागी झाली. ती बाहेर आली, दोघांकडे नुसतं बघितलं, आणि दोघंही लहान पोरांसारखे भिंतीला टेकून उभे राहिले. त्या दिवसापासून रांग तिच्या ताब्यात गेली. दिवाणखान्यातलं पुस्तकांचं कपाट रिकामं झालं. वरच्या फळीवर नदीपलीकडचं, मधल्या फळीवर बाजाराकडचं, खाली जड सामान. चाकवाला परत आला, तर त्यालाही तिने "रांगेतून या" म्हणून परत पाठवलं.

इटालिकराव दिवसभर सायकलवर. पोटऱ्या दुखायच्या. पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली होती, ती त्यांना स्वतःला दिसत नव्हती. ते अक्षर त्यांच्या अंगात भिनलं होतं. ते पुढे झुकून चालायला लागले. जेवताना घाई, बोलताना घाई. कोणी दोन वाक्यं जास्त बोललं की त्यांचा तोल सुटायचा. जन्मभर साहेबांसमोर मान खाली घालणारा हा मऊ माणूस आता लोकांना गाठी मारण्यावरून झापायला लागला.

आणि नेमक्या अशा एका सकाळी, जिन्यात गर्दी आणि चार-पाच जणांचे फोन एकदम वाजत असताना, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई रांगेत पुढे आल्या. एका हातात दोरीने बांधलेलं चपटं पाकीट, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावलेला.

इटालिकरावांच्या खिशातला फोन वाजत होता. "कोण सारखं सारखं फोन करतंय!" असं म्हणून त्यांनी तो न बघताच कापला.

"उचलत नाहीत," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"लोकांना शिस्तच राहिली नाही," इटालिकरावांनी दुजोरा दिला. "बोला ताई, काय आहे?"

"हे ह्याच इमारतीत द्यायचंय. चौदा नंबर. मी वर-खाली सगळीकडे बघून आले, मला चौदा नंबर दिसतच नाही."

"ह्याच इमारतीत? मग स्वतः शोधून द्यायला काय झालं?"

"अहो भाऊ, मला गाडी गाठायचीय. नाहीतर मी त्यांना भेटायलाच आले होते. त्यांचं नाव…"

"नाव राहू दे. नंबर पुरे. मागे रांग बघताय ना?" त्यांनी पाकिटावर मोठ्ठा चौदा आकडा घातला आणि दोरी ओढून बघितली. ती सुटून हातात आली. "ही गाठ आहे? अशी मारतात गाठ?"

"चुकलंच माझं," बाई ओशाळून म्हणाल्या. जाता जाता त्या दाराबाहेर थबकल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "भाऊ, ही पाटी कोणी केली हो?"

हा एक प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून इटालिकराव वर्षानुवर्षं संध्याकाळी टेबलाशी बसले होते. ते म्हणाले, "ताई, दार अडवू नका."

संध्याकाळी सगळं वाटून झालं आणि पिशवीत ते एकच पाकीट उरलं. बरं झालं, इमारतीतलंच आहे, म्हणून इटालिकराव खुशीत जिना चढायला लागले. तळमजला बघितला. वरचे मजले बघितले. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले. चौदा नंबर कुठेच नाही. वैतागून त्यांनी पहिल्या मजल्यावर तेरा नंबरची घंटा वाजवली. तिथे एक दंतवैद्य राहायचे. ते हातात चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"डॉक्टर, हा चौदा नंबर कुठे आहे हो?"

दंतवैद्यांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "तेरा मी."

"बरोबर."

"त्या टोकाला पंधरा."

"बरोबर."

"मधे कोण राहतं?"

"मधे आम्ही."

दंतवैद्यांनी कपात फुंकर मारली. चहाचा एक घोट घेतला आणि रुग्णाला आपलं आपण तोंड उघडायला वेळ देतात तसा त्यांनी वेळ दिला.

इटालिकरावांनी सावकाश मान वळवली. पाटी होती. तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून, नीट बघितलं तर, चाराचं टोक बाहेर आलं होतं. ते कसेबसे स्वतःच्या दाराशी गेले आणि का कोण जाणे, त्यांनी घंटा वाजवली.

"किल्ली विसरलात?" बायकोने दार उघडलं.

"पार्सल आहे."

"कोणाचं?"

"चौदा नंबरचं."

"मग आत आणा की! दारात काय उभे राहिलात परक्यासारखे?"

पाकिटात त्यांचेच नमुने होते. सगळे. एकही कमी नाही. इटालिकराव रांगेतल्या लोकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले. चपटं पाकीट, जाड चष्मा, "मी त्यांना भेटायलाच आले होते." सगळं एकामागून एक आठवलं.

"त्याच होत्या गं," ते म्हणाले. "मी त्यांना गाठ मारण्यावरून बोललो."

"बाई म्हणजे त्या बाई?"

"आणि त्यांनी पाटी कोणी केली म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, दार अडवू नका."

एरवी ह्यावर तिने काय काय ऐकवलं असतं! पण तिने फक्त नमुने त्यांच्या मांडीवरून उचलले आणि चाळायला लागली. शुभ्र कागद, बारीक ओळी. इटालिकरावांनी नमुन्यासाठी एक लांबलचक निबंध निवडला होता: विश्रांतीचे महत्त्व. पानंच्या पानं विश्रांती, आणि एकूण एक अक्षर जाड, तिरकं, पुढे पळणारं. आज पहिल्यांदाच त्यांनी ते परक्याच्या डोळ्यांनी बघितलं. दोन ओळींत दम लागत होता. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. एका माणसाला आयुष्यात एक गोष्ट करून दाखवायची होती, तिचा त्याने स्वतःच्या हाताने चिवडा केला होता, आणि नकारही स्वतःच सायकलवरून फिरवून घरपोच आणला होता.

तेवढ्यात फोन वाजला. संचालिकाबाईच होत्या, गाडीतून बोलत होत्या. बायकोने कान जवळ आणला.

"मिळाले का नमुने?"

"मिळाले," इटालिकराव खोल आवाजात म्हणाले.

"माफ करा, भेट राहिली. तुमचं घरच सापडेना, फोनही तुम्ही उचलला नाहीत. स्पष्ट सांगते, राग मानू नका. तुमच्या अक्षराला नुसतीच घाई आहे. कुठे जायचंय ते त्याचं त्याला माहीत नाही."

"हो."

"तुमच्या इमारतीत तो पार्सलवाला बसतो ना? त्याची पाटी बघा एकदा. अक्षर असं कामाला लागलेलं असावं. मी तर बघतच राहिले. तुमच्या अक्षराचा लांबचा भाऊ शोभेल, पण तो कमावता निघालाय. आम्हाला ते हवंय. त्याला विचाराल का, कोणाचं आहे म्हणून?"

"बाई, ते माझंच आहे."

पलीकडे एक सुस्कारा ऐकू आला. "नकारानंतर असं म्हणणारे तुम्ही पहिले नाही. मी त्या पार्सलवाल्याकडूनच ऐकेन. उर्मट आहे, पण तोंडदेखलं बोलणारा नाही. त्याला तेवढा वेळच नाही."

इटालिकरावांनी फोन कानापासून खाली आणला. खरं बोलूनही हरायची त्यांची तयारी झाली होती. पण बायकोची नव्हती. तिने फोन ओढून घेतला. "बाई, थांबा हं. पार्सलवाला इथेच आहे. देते." आणि तोच फोन तिने पुन्हा नवऱ्याच्या छातीवर टेकवला.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ज्या नजरेने तिने जिन्यातले दोघं भिंतीला लावले होते, तीच नजर. इटालिकरावांनी घसा खाकरला.

"कोण बोलतंय? लवकर बोला!"

"अहो भाऊ, मी सकाळी आले होते. पाकीट दिलं होतं, चौदा नंबरचं…"

"दिलं पोचतं करून. आणखी काय?"

"ती तुमची पाटी. अक्षर कोणाचं आहे?"

"चौदा नंबरवाल्याचं."

"नक्की?"

"नक्की नसतं तर दारावर लावलं असतं? मरमर मेलाय तो त्या अक्षरापायी. पण अक्कल शून्य! पळणारं अक्षर, आणि त्यात लिहितो काय, तर झोपेवरचा निबंध. तोही मुंगीएवढा. अहो, त्या अक्षराला गाडीवर लावा, दुकानावर लावा, शर्यतीला लावा. चार शब्द द्या आणि मोठं करा, मग बघा. हे त्यालाच कळलं नाही इतकी वर्षं. बायको सांगत होती, तिचंही ऐकलं नाही. महामूर्ख माणूस!"

हे सगळं एका दमात झालं. बायको तोंडाला पदर लावून खाली बसली होती.

"निबंधाचं तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

इटालिकरावांनी सुटलेल्या दोरीकडे बघितलं. "गाठ सुटली होती तुमची! सकाळीच सांगितलं होतं मी."

बाई मनापासून हसल्या. "ठीक आहे. मग त्यांना एक निरोप द्या. अक्षर आम्ही घेतोय. पाट्यांसाठी, मोठ्या आकारात. असं सरळ सांगा त्यांना. आणि भाऊ, जरा लवकर सांगाल का? मी आत्ताच त्यांना फार लागेल असं बोलले. वाईट वाटत असेल बिचाऱ्यांना."

इटालिकरावांना उत्तर द्यायचं होतं, चांगलं खणखणीत, पार्सलवाल्याला शोभेल असं. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात फोन आणि दुसरा बायकोने घट्ट धरलेला.

"हॅलो? भाऊ? निरोप पोचेल ना?"

"पोचला बाई," इटालिकराव म्हणाले.